रिजन्सी काळातली मैत्रीची प्रेमकथा मराठीत कशी लिहावी

मराठीत रिजन्सी प्रेमकथा लिहू पाहणाऱ्यांचे खर्डे माझ्याकडे वाचायला येतात. रिजन्सी म्हणजे आजारी राजाच्या जागी त्याचा मुलगा राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहत होता तो इंग्लंडमधला काळ. बहुतेकांत चूक एकाच जागी असते. नायक-नायिका लहानपणापासूनचे मित्र आहेत, असं पहिल्या पानावर सांगितलेलं असतं आणि दुसऱ्या पानावर नायिकेचे गाल लाल होतात. ती मैत्री वाचकाने कधी पाहिलेलीच नसते. मग बॉल, म्हणजे नाचाचे समारंभ, येतात, झगे येतात, बागेतली भेट येते, तरी वाचक हलत नाही, कारण बदललेलं नातं मुळात कसं होतं हेच त्याला ठाऊक नसतं.

या लेखात कामाचा क्रम दिला आहे. तो बदलू नका. विशेषतः तिसऱ्या टप्प्याआधी एकही प्रेमप्रसंग लिहू नका, डोक्यात कितीही तयार असला तरी.

उदाहरणासाठी दोन काल्पनिक माणसं घेऊ. विल्टशायरमधल्या एका खेड्यातली लुईसा हार्डिंग, वय २२, आणि शेजारच्या इस्टेटीचा धाकटा मुलगा विल्यम ॲशवर्थ, वय २६.

लिहायला बसण्याआधी

चार कागद तयार ठेवा: निवडलेल्या वर्षाची वारासकट दिनदर्शिका, दोन्ही घरांची वंशावळ, प्रत्येक मुख्य पात्राचं वार्षिक उत्पन्न आणि अंतरांचा तक्ता. चौथा कागद सगळे टाळतात आणि तिथेच फसतात. टपालगाडी ताशी सात-आठ मैल जायची. विल्टशायरमधल्या मार्लबरोहून लंडन सुमारे ७५ मैल. म्हणजे घोडे बदलत, न थांबता गेलं तरी दहा-अकरा तास. रात्रीच्या जेवणानंतर निघालेला नायक मध्यरात्री नायिकेच्या दारात उभा राहू शकत नाही.

टप्पा १: काळ नको, वर्ष ठरवा

काटेकोर अर्थाने रिजन्सी म्हणजे फेब्रुवारी १८११ ते जानेवारी १८२०. या नऊ वर्षांतलं प्रत्येक वर्ष वेगळ्या चवीचं आहे. '१८१५ च्या आसपास' असं मोघम ठेवलंत तर वॉटर्लूची लढाई झाली की व्हायची आहे हेच पात्रांना कळणार नाही. नायकाचा भाऊ सैन्यात असेल तर १७ जून आणि १९ जून १८१५ या दोन दिवसांत त्या घराचं जग बदललेलं असतं.

हलक्याफुलक्या कथेसाठी मला १८१६ आवडतं. युद्ध संपलेलं आहे, अर्ध्या पगारावर घरी बसवलेले तरुण अधिकारी गावोगाव आहेत, आणि इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीच्या १८१५ मधल्या उद्रेकामुळे त्या वर्षी इंग्लंडला उन्हाळा जवळजवळ आलाच नाही. प्रत्येक सहल पावसात वाहून जाते आणि माणसं घरात कोंडली जातात. घरात कोंडलेले दोन मित्र ही लेखकाला मिळालेली मोठीच सोय आहे. शिवाय २ मे रोजी राजकन्या शार्लटचं लग्न आहे, आणि जुलैमध्ये राजप्रतिनिधीच्या बॉलमध्ये वॉल्ट्झ, म्हणजे जोडीदाराला धरून करायचा नाच, झाल्यावर 'द टाइम्स'ने त्या नाचावर कडक टीका केली. बैठकीत बोलायला विषय आयते मिळतात.

पण त्याच पावसाने पिकं बुडवली आणि धान्य महागलं. त्याआधीच, मे महिन्यात, बेकारी आणि महागाईमुळे लिटलपोर्ट आणि इली या गावांत दंगल झाली होती. कथा हलकी ठेवायची म्हणून हे झाकू नका. नायिका शेजारच्या मजुराच्या घरी ब्रेड पाठवते, एवढी एक ओळही पुरते. नायकाची श्रीमंती कुठून येते हेही इथेच ठरवा. गुलामांच्या व्यापारावर ब्रिटनने १८०७ मध्ये बंदी घातली, पण वेस्ट इंडीजच्या मळ्यांवरची गुलामगिरी रिजन्सीभर चालूच होती. त्या पैशावर उभा असलेला नायक हवा की नको, हा निर्णय नकळत होऊ देऊ नका.

भारताचा धागा हवा असेल तर तो खराखुरा आहे. कंपनीच्या सैन्यातला भाऊ किंवा मामा अनेक घरांत असे, आणि त्याचं पत्र केप ऑफ गुड होपला वळसा घालून साधारण पाच-सहा महिन्यांनी पोहोचे. वर्ष १८१८ घेतलंत तर खडकीच्या लढाईची, म्हणजे ५ नोव्हेंबर १८१७ ची, बातमी लुईसाच्या घरी वसंतात येईल. मात्र आपला वाचक ती लढाई पेशव्यांच्या बाजूने ओळखतो. तिला काश्मिरी शालीसारखी दिवाणखान्याची शोभा करू नका. आणायचीच तर कोणाचं काय गेलं हे आणा, नाहीतर शांततेचं वर्ष निवडा.

*तपासणी:* कथेतल्या प्रत्येक प्रकरणावर तारीख आणि वार लिहिता येतो का? ईस्टर कधी आहे (१८१६ मध्ये १४ एप्रिल), रविवार कोणते, हे माहीत आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: ही मैत्री झाली तरी कशी?

त्या काळातल्या सुस्थित घरातली अविवाहित मुलगी आणि परका तरुण यांची मोकळी मैत्री सहज होत नसे. वाचकाला आधी तिचं कारण द्यावं लागतं. विश्वासार्ह वाटा थोड्या आहेत: खेड्यातले शेजारी, भावाचा शाळासोबती, वडिलांकडे शिकायला राहिलेला मुलगा, नात्यातलं माणूस, किंवा ती तरुण विधवा असणं. विधवेला कुमारिकेपेक्षा पुष्कळ मोकळीक होती, आणि हलक्या कथेला ती फार शोभते.

नात्यातलं माणूस निवडलंत तर मराठीत एक अडचण येते. इंग्रजीतला 'कझिन' मोघम चालतो, आपल्याला मामेभाऊ की चुलतभाऊ हे सांगावंच लागतं. इंग्लंडमध्ये चुलत भावंडांचं लग्न कायदेशीर होतं, पण 'चुलतभाऊ' हा शब्द वाचताच मराठी वाचक प्रेमकथेतून उठून जातो. शक्य असेल तर शेजारीच घ्या.

शेजाऱ्यांचा आणखी एक फायदा आहे. खेड्यात लुईसा आणि विल्यम एकत्र चालत चर्चला जाऊ शकतात, कुंपणापाशी उभं राहून भांडू शकतात. लंडनच्या सीझनमध्ये, म्हणजे तिथल्या मेजवान्या आणि नाचांच्या हंगामात, तीच दोघं आली की तिच्यासोबत वडीलधारी बाई हवी, आणि बंद गाडीत दोघांनी एकट्याने बसणं तर नाहीच. म्हणून पहिला भाग खेड्यात, दुसरा लंडनमध्ये, तिसरा परत खेड्यात, अशी मांडणी मी बहुतेकांना सुचवतो. लंडन त्यांची सवय तोडतं, आणि सवय तुटल्यावरच ती होती हे त्यांना कळतं.

टप्पा ३: मैत्रीचा साठा भरा

लेखातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच. एक वही घ्या आणि दोघांच्या मैत्रीतल्या सवयी लिहून काढा. गुण लिहू नका. 'तो प्रेमळ आहे, ती हुशार आहे' याने मैत्री होत नाही. मैत्री दिसते ती ठरलेल्या कामांतून, जुन्या भांडणांतून, परत न केलेल्या वस्तूंतून आणि तिसऱ्याला न कळणाऱ्या विनोदांतून.

आपल्या जोडीची वही अशी भरता येईल.

विल्यमची आत्या बाथला असते. टपालखर्च पत्र घेणाऱ्याने द्यायचा आणि तो अंतरावर व कागदांच्या संख्येवर ठरायचा. त्यामुळे काटकसरी आत्या एकाच कागदावर आधी आडवं लिहिते, मग कागद फिरवून त्याच ओळींवर उभं लिहिते. विल्यमला ते अक्षर लागत नाही. दहा वर्षांपासून आत्याची पत्रं त्याला लुईसाच वाचून दाखवते, आणि वाचताना मधेच एखादं खोटं वाक्य घुसडते. ते ओळखायचं हा दोघांचा खेळ.

लुईसाला घोड्यावर बसायची भीती वाटते. हे फक्त विल्यमला माहीत आहे. घोडदौडीचा बेत ठरला की त्याचा घोडा ऐनवेळी लंगडतो आणि सोबत म्हणून तिला मागे थांबावं लागतं.

तिने त्याच्याकडून एक चाकू सात वर्षांपूर्वी उसना घेतला आहे. तो परत मागत नाही, ती परत देत नाही.

तो १९ वर्षांचा असताना तिच्या भावाला न सांगता कुठेतरी गेला होता. तिने तेव्हा त्याच्यासाठी खोटं बोलून शिक्षा भोगली. यावर दोघं कधीच बोलत नाहीत.

अशा आठ-दहा नोंदी हव्यात, आणि त्यांतली एखादी तरी अशी हवी जी दोघांपैकी एकालाच बोचते. नोंदी त्या काळाच्या साहित्यातून घडल्या, म्हणजे पत्र, घोडा, मेणबत्ती, चर्चमधलं बाक यांतून, तर काळ वेगळा सांगावा लागत नाही. पत्राची नोंद पुन्हा पाहा: टपालाची रीत, आत्याचा स्वभाव आणि दोघांची जवळीक तिथे एका दमात कळते.

आता पहिली तीन प्रकरणं या वहीतूनच लिहा. त्यांत एकमेकांच्या रूपाचं वर्णन नको. रोज दिसणाऱ्या मित्राचे डोळे कोणत्या रंगाचे हे कोणी मनात म्हणत नाही.

*सावधान:* 'ते दोघं किती जवळचे मित्र होते' असं वाक्य खर्ड्यात सापडलं तर ते खोडा आणि त्या जागी वहीतली एक नोंद प्रसंग म्हणून लिहा.

*तपासणी:* पहिली तीन प्रकरणं एखाद्या वाचकाला द्या आणि पुढे ही प्रेमकथा आहे हे सांगू नका. 'या दोघांबरोबर एक दुपार घालवायला आवडेल' असं त्याला वाटलं, तर साठा भरला.

टप्पा ४: काय हातचं जाईल ते मोजा

परक्याला मागणी घालून नकार मिळाला तर मान खाली जाते. मित्राला घालून नकार मिळाला तर मित्र जातो. या प्रकारच्या कथेला खलनायक लागत नाही तो यामुळेच. अडसर त्या मैत्रीतच असतो.

पण दोघांचं नुकसान सारखं नसतं, आणि हे फार थोडे लेखक मोजतात. विल्यम उद्या लंडनला जाऊ शकतो, प्रवासाला जाऊ शकतो. लुईसा त्याच गावात, त्याच चर्चमध्ये, त्याच कुटुंबाशेजारी आयुष्यभर बसणार. तिच्याकडे पैसा किती हेही पाहा. सोबत १०,००० पौंड येणार असतील तर पाच टक्क्यांनी वर्षाला ५०० पौंड होतात. सभ्य घर चालतं, पण चैनीची गाडी ठेवता येत नाही. विल्यम धाकटा, म्हणजे इस्टेट थोरल्याची. त्याला सैन्य, चर्च किंवा वकिली. लग्नानंतर बायकोची जंगम मालमत्ता कायद्याने नवऱ्याची होई. म्हणून लग्नाआधी वकील बसवून करारपत्र करत, त्यात तिचा हातखर्च आणि वैधव्यातली तरतूद लिहीत. 'पैशासाठी विचारतोय असं तिला वाटेल' ही विल्यमची भीती या हिशेबातून आली तर खरी वाटते.

दोघांसाठी एकेक वाक्य लिहा: 'बोललो तर माझं ... जाईल.' रिकाम्या जागी 'मन' किंवा 'प्रेम' आलं तर पुन्हा लिहा. तिथे एखादी जागा, वस्तू किंवा माणूस यायला हवं.

टप्पा ५: रीतिरिवाजांचा तक्ता

आता नियमांकडे या. नियम खूप आहेत. तुमच्या कथेत जे मोडले किंवा वाकवले जाणार आहेत तेवढेच टिपून घ्या. मैत्रीच्या कथेला हमखास उपयोगी पडणारे हे:

नाच जोडीने, दोन-दोन नाचांच्या संचात होत. एकाच जोडीदाराबरोबर दोनपेक्षा जास्त संच नाचलं की लोक बोलू लागत. मुलीने एकाला नकार दिला की त्या रात्री इतरांबरोबरही नाचायचं नाही, हा शिष्टाचार होता. नको त्या माणसाने विचारायच्या आत मित्र धावत येऊन विचारतो, हा प्रसंग याच नियमातून आपोआप मिळतो.

लग्न ठरलेलं नसताना तरुण-तरुणींनी एकमेकांना पत्रं लिहायची नाहीत. म्हणून विल्यम लंडनहून लुईसाच्या भावाला लिहील आणि निम्मं पत्र लुईसासाठी असेल. भाऊ ते जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचेल. लुईसाला कळेल, बाकीच्यांना कळणार नाही.

पुरुषाने दिलेला विवाहाचा शब्द मागे घेता येत नसे. तसं केलं तर बेअब्रू होई, वचनभंगाचा दावाही होऊ शके. मुलगी मात्र ठरलेलं लग्न मोडू शकत होती. 'खोटं लग्न ठरवणं' हे कथानक घेणार असाल तर ते संपवायची चावी नायिकेच्या हातात आहे, हे लक्षात ठेवूनच आखणी करा.

मग येतात त्या काळात नसलेल्या गोष्टी. काडेपेटी नाही, ती १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धातली. चकमक आणि करपवलेली चिंधी वापरा, नाहीतर पेटत्या मेणबत्तीवरून दुसरी लावा. प्रवासी आगगाड्या नाहीत, छायाचित्र नाही, एका दराचं टपाल तिकीट नाही (ते १८४० मधलं). दुपारचा थाटाचा चहा नंतरच्या काळातला; इथे चहा रात्रीच्या जेवणानंतर येतो. नवरीचा पांढरा झगा ही रीत व्हिक्टोरिया राणीच्या १८४० मधल्या लग्नानंतर रुजली. लुईसा आपला चांगल्यातला चांगला झगा घालेल, रंग कोणताही.

*सावधान:* नियम समजावण्यासाठी पात्रांच्या तोंडी व्याख्यान देऊ नका. 'तुला माहीतच आहे की अविवाहित मुलीने...' असं त्या काळातलं कोणीही म्हणणार नाही, कारण सगळ्यांना ते माहीतच होतं. नियम मोडल्यावर खोलीतल्या माणसांची पंखे हलवायची गती बदलते, ते दाखवा.

टप्पा ६: हाका आणि संबोधनं

पदव्यांच्या चुका सर्वांत जास्त होतात, आणि त्या सुधारणं सर्वांत सोपं आहे. 'सर' पहिल्या नावाला लागतो: सर जॉन, कधीच 'सर हार्डिंग' नाही. त्याची बायको मात्र लेडी हार्डिंग. 'लेडी लुईसा' म्हणायचं तर वडील अर्ल किंवा त्याहून वरचे हवेत. ड्यूकला 'युअर ग्रेस', 'माय लॉर्ड' नाही. घरातली थोरली अविवाहित मुलगी नुसती 'मिस हार्डिंग', धाकटी 'मिस लुईसा हार्डिंग'. थोरलीचं लग्न झालं त्या सकाळी लुईसा 'मिस हार्डिंग' होते, आणि त्या हाकेला ओ द्यायला ती चार दिवस विसरते. एवढा नियम एका गोड प्रसंगाला पुरतो.

आता तू आणि तुम्ही. सर्वांना अहोजाहो केलं की मैत्री मरते, आणि सर्वांना अरेतुरे केलं की काळ मरतो. मी सुचवतो ती व्यवस्था अशी: चारचौघांत 'मिस्टर ॲशवर्थ, तुम्ही', कुंपणापाशी 'विल, तू'. वाचकाला दोन प्रकरणांत सवय होते. मग तुमच्या हाती एक हत्यार येतं जे इंग्रजी लेखकाकडे नाही. बहुतेक जण नायक-नायिका तुम्हीवरून तूवर येतात तो क्षण रंगवतात. मित्रांच्या कथेत तो क्षण कधीच होऊन गेलेला असतो. इथे उलटा क्षण शोधा: दोघंच असताना एक जण चुकून नाही, ठरवून 'तुम्ही' म्हणतो. त्याने वाचकाच्या छातीत कळ यायला हवी. आणि हे संपूर्ण कादंबरीत एकदाच.

नोकरचाकर मालकिणीला 'बाईसाहेब' म्हणाले तरी चालेल. पण 'अहो' नवऱ्याची हाक म्हणून नको, 'इश्श' आणि 'अय्या' नको. त्यांनी विल्टशायरचा दिवाणखाना क्षणात सदाशिव पेठेत येतो. म्हणींसाठी सोपी चाळणी लावा: देव, नदी, सण, पीक किंवा पदार्थ आपला असेल तर ती म्हण बाहेर. 'गंगेत घोडं न्हालं' जाईल. 'नाकापेक्षा मोती जड' राहील. तसंच इंग्रजी वाक्प्रचाराचं शब्दशः मराठी करून तो 'त्या काळचा' वाटेल असं समजू नका. त्याने भाषा परकी होते, पात्रं नाहीत.

टप्पा ७: पहिला धक्का

साठा आता खर्च करायचा आहे. वहीतली एक सवय घ्या आणि ती मोडा.

बहुतेक खर्ड्यांत असं असतं:

'आज विल्यम तिला वेगळाच भासला. त्याचे रुंद खांदे, ते निळे डोळे... लुईसाच्या हृदयाचा ठोका चुकला.'

का वेगळा भासला? काल नव्हते का खांदे? आता वही वापरून:

'मिसेस कार्टराइटच्या दिवाणखान्यात सगळे पत्त्यांच्या टेबलांभोवती बसले होते. विल्यमने खिशातून घडी घातलेला कागद काढला. आत्याचं पत्र. लुईसाने पत्ते खाली ठेवून हात पुढे केला. त्याने तो पाहिला नाही. "मिस पेल्हम, तुमची नजर चांगली आहे," तो म्हणाला, "एवढं वाचून द्याल?" मिस पेल्हमने पत्र वाचलं. स्पष्ट, सुरेख, एकही खोटं वाक्य न घालता. लुईसाने हात मागे घेतला आणि चुकीचं पान टाकून डाव घालवला.'

प्रेम हा शब्दच नाही, रूपाचं वर्णन नाही, तरी काय झालं ते वाचकाला लुईसाच्या आधी कळतं. हा क्रम जपा: वाचक आधी, पात्र नंतर. हलक्याफुलक्या कथेची निम्मी मौज त्या अंतरात असते.

दोघांना एकाच वेळी उमगू देऊ नका. एकाला आधी, दुसऱ्याला बऱ्याच उशिरा. ज्याला आधी कळतं तो लपवतो, आणि लपवताना नेहमीपेक्षा वाईट मित्र होतो. दुसऱ्याला फक्त एवढं दिसतं की मित्र बिघडला आहे. असे तीन धक्के पुरतात: पहिला सवय मोडल्याचा, दुसरा शरीराचा (वॉल्ट्झमध्ये कमरेवर आलेला हात, रांगेत समोरासमोर नाचताना हे कधी घडलं नव्हतं), तिसरा गैरहजेरीचा. तिसरा सर्वांत खोल जातो. त्याला घाईने संपवू नका, एक पूर्ण प्रकरण द्या.

टप्पा ८: मधला भाग कोसळू नये म्हणून

इथे लेखक गैरसमजाचा आधार घेतात: तिने त्याला दुसरीशी बोलताना पाहिलं, आणि दोनशे पानं अबोला. हे चालत नाही. अनोळखी माणसांत गैरसमज टिकतो. दहा वर्षांचा मित्र सरळ विचारेल, 'काय बिनसलंय तुझं?'

तर त्याला विचारू द्या. आणि ज्याला विचारलं त्याला खोटं बोलायला खरं कारण द्या, चौथ्या टप्प्यात लिहिलेलं. लुईसा म्हणेल, 'पावसाने वैताग आलाय.' विल्यमला ती खोटं बोलते आहे हे कळेल, कारण तिची खोटी वाक्यं ओळखण्यात त्याने दहा वर्षं घालवली आहेत. पण यावेळी तो 'ओळखलं!' म्हणणार नाही. खेळ थांबल्याचं दोघांनाही जाणवेल. कथा इथे पुढे सरकते, आणि कोणी मूर्खासारखं वागलेलं नसतं.

मिस पेल्हमसारखं तिसरं माणूस आणाल ते चांगलं असू द्या. ती वाईट निघाली तर लुईसाला फक्त वाट पाहायची असते. ती चांगली, विनोदी, विल्यमला खरोखर शोभणारी असेल तर लुईसाला मित्र म्हणून तिची शिफारस करावी लागते. मित्राचं भलं चिंतणं आणि स्वतःला तो हवा असणं, या दोन्ही गोष्टी एका वाक्यात बोलायला लागल्यावर तिची काय अवस्था होते ते लिहा.

*तपासणी:* मधल्या प्रत्येक प्रकरणाला विचारा: 'हे दोघं फक्त प्रेमिक असते, मित्र नसते, तरी हे घडलं असतं का?' उत्तर 'हो' आलं तर ते प्रकरण कोणाच्याही कादंबरीत बसेल. बदला किंवा काढा.

विनोदाबद्दल थोडक्यात. तो दोघांच्या संवादातून आणि बाजूच्या माणसांच्या हट्टातून यावा: पत्रात औषधांचे सल्ले देणारी आत्या, पाऊस पडणार नाही असं रोज ठामपणे सांगणारा पाद्री. निवेदकाने पात्रांना हसू नये. त्यांच्या बाजूने हसावं.

टप्पा ९: मागणी आणि लग्नाचा हिशेब

मागणीचा प्रसंग वहीशिवाय लिहू नका. भाषण नको. जुनी सवय परत येते, पण अर्थ बदलून. विल्यम आत्याचं पत्र लुईसाच्या हातात देतो, ती वाचते, मधेच एक वाक्य येतं जे आत्याने लिहिलेलं नाही. तो म्हणतो, 'हे खोटं आहे.' ती म्हणते, 'नाही.' एवढंच. चाकू तिने परत द्यायचा की नाही हे तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर देऊ नये.

त्यानंतर दिनदर्शिका उघडा. इंग्लंडमध्ये लग्नाचे मार्ग ठरलेले होते. सर्वसाधारण मार्ग म्हणजे दोघांच्या पॅरिशच्या, म्हणजे आपापल्या हद्दीतल्या, चर्चमध्ये तीन रविवारी जाहीर घोषणा, ज्यांना बॅन्स म्हणत. दुसरा, बिशपकडून साधा परवाना. तिसरा, खास परवाना. तो फक्त कँटरबरीच्या आर्चबिशपच्या कार्यालयातून मिळे, आणि त्यावरच हव्या त्या ठिकाणी, हव्या त्या वेळी लग्न लावता येई. एरवी लग्न चर्चमध्ये आणि सकाळी आठ ते दुपारी बारा या वेळातच. संध्याकाळी मेणबत्त्यांच्या उजेडातलं लग्न लिहिलं असेल तर खास परवान्याची सोय आधी करून ठेवा. २१ वर्षांखालच्या मुलीला परवान्यावर लग्न करायला वडिलांची संमती लागे. लुईसा २२ ची आहे ती मी उगाच केलेली नाही.

स्कॉटलंडच्या सीमेवर ग्रेटना ग्रीनला, जिथे पालकांच्या संमतीशिवाय लग्न लागे, पळून जाणं मोहात पाडतं. मित्रांच्या कथेत त्याचं काम नसतं. दोन्ही घरं एकमेकांना ओळखतात, आणि त्यांना हे लग्न बहुधा पाच वर्षांपूर्वीच दिसलेलं असतं. त्यांची ती समजूतदार अधीरता लिहा.

हिशेब असा: १८१६ च्या ऑगस्टअखेर, शुक्रवारी ३० तारखेला मागणी झाली आणि शनिवारी पाद्रीला कळवलं, तर घोषणा १, ८ आणि १५ सप्टेंबरला, आणि लग्न लवकरात लवकर सोमवारी १६ तारखेला. हे मधले पंधरा दिवस कापू नका. तीन रविवार दोघं त्याच बाकांवर बसून आपली नावं मोठ्याने वाचली जाताना ऐकतात. पूर्ण गाव वळून पाहतं. आयुष्यभराचे मित्र एकमेकांकडे बघू शकत नाहीत, हसू आवरत नाही. आता ठरलं आहे म्हणून ते पहिल्यांदा एकमेकांना उघड पत्रं लिहू शकतात, आणि शेजारी राहत असूनही लिहितात.

टप्पा १०: फेरतपासणी, तीन वाचनांत

पहिलं वाचन फक्त तारखा, अंतरं आणि पदव्यांसाठी. हातात पहिले चार कागद ठेवा, गोष्ट वाचूच नका.

दुसरं वाचन वहीसाठी. प्रत्येक नोंद किती वेळा आली ते समासात टिपा. एकदाच आलेली नोंद एकतर पुन्हा आणा, नाहीतर काढा. चार वेळा आलेली खेचली जाते आहे, एक कापा.

तिसरं वाचन संवादांचं, मोठ्याने, दुसऱ्या माणसाबरोबर. 'लुईसा म्हणाली', 'विल्यम म्हणाला' हे वगळून वाचा. कोण बोलतं आहे हे ऐकणाऱ्याला आवाजावरून आणि चेष्टेच्या ढंगावरून कळलं पाहिजे. जिथे दोघांचे आवाज एकसारखे झाले असतील त्या पानावर खूण करा, तिसऱ्या टप्प्यातली वही उघडा आणि ते पान नव्याने लिहा.